अण्णाच्या वाट्याचा कोन

अण्णाच्या कारखान्याचा वॉचमन भर सकाळी सायकल हाणत सिल्वासातल्या डोकमर्डीला आमच्या घरी आला. धुळ्याकडचा माणूस. दारात उभा राहून म्हणाला, “साहेब, अण्णा गयात.” पॅकिंग खात्यात उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि संपलं... त्याला दीड महिना होईल.

अण्णा माझा मोठा भाऊ, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. इथे सिल्वासात कारखाने वाढू लागले तेव्हा मी नाशिकहून इंजिनिअर म्हणून आलो आणि अविवाहित अण्णालाही धाग्याच्या कारखान्यात चिकटवून दिलं. कामात चोख, पण घरी कोणाबरोबर पानावर बसायचा नाही. प्लास्टिकची ताटली घेऊन मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून जेवायचा. एकदा माझे साहेब सहकुटुंब जेवायला आले. मी अण्णाला हाताला धरून पंगतीत बसवलं. वाट्या-डावांचा खणखणाट सुरू झाला तसा तो भरल्या ताटावरून उठला. “माणसांत राहायचं नसेल तर सुरंगीच्या जंगलात जाऊन राहा,” मी सगळ्यांदेखत बोललो. त्याने क्षणभर विचार करून विचारलं, “सुरंगीची बस किती वाजता असते?” पाहुणे हसले. मीही हसलो, आणि ते हसणं आज मला टोचतं.

माझी मुलगी रेवा चार वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून तिला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. काकाशिवाय ती बसमध्ये बसायची नाही, म्हणून अण्णाही आला. रेवाला ऑटिझम आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. अण्णाशीही त्या बराच वेळ बोलल्या आणि त्याच्यासारख्या स्थितीला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मी घाईने विचारलं, दोन्हींत सौम्य कुठलं? त्यांनी शांतपणे समजावलं: ऑटिझममध्ये बोलणं उशिरा येतं, कधी येतही नाही, अ‍ॅस्पर्जरमध्ये भाषा आणि बुद्धी वेळेवर येतात. पण लोकांची नजर, मोठे आवाज, बदललेला दिनक्रम यांचा त्रास दोन्हींत असतो. मी पहिलं वाक्य तेवढं धरलं. एक नाव वरच्या पायरीवर ठेवलं, एक खालच्या, आणि परतेपर्यंत रेवाला पुण्याच्या निवासी शाळेत ठेवायचं ठरवूनही टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी, रेवाची बॅग भरलेली असताना, अण्णाने विचारलं, तिथे मुलं एकत्र जेवतात का? मी म्हटलं, हो, मोठा हॉल आहे.

“स्टीलच्या ताटांत?”

“असतील. का?”

“मग नको पाठवू. भांडी वाजली की माझ्या दातांतून कळ जाते. तिलाही जात असणार. मला सांगता येतं, तिला येत नाही. फरक एवढाच.”

“मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं नव्हतंस.”

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नुसती माहिती होती... बॅग माझ्या बायकोने, सुमनने, त्याच संध्याकाळी रिकामी केली. घरातली स्टीलची ताटं माळ्यावर गेली. त्यानंतर अण्णा आमच्यात बसून जेवू लागला, आणि रेवाही.

कारखान्यात धागा गुंडाळायचे, शंकूच्या आकाराचे कागदी कोन असतात. दबलेले, टाकून दिलेले कोन अण्णा घरी आणायचा. कामावरून आला की जमिनीवर एक कोन ठेवायचा आणि थांबायचा. घाई नाही, हाक नाही. कितीतरी महिन्यांनी रेवाने त्यावर दुसरा ठेवला. मग रोज मनोरा होऊ लागला: एक त्याचा, एक तिचा. रेवा अजून बोलत नाही. कदाचित बोलणारही नाही. डॉक्टरांना ती दोन नावं लागतात, आणि त्यांच्यामुळेच मला माझा भाऊ कळला. पण ती दोन नावं म्हणजे पायऱ्या नव्हेत, हे आता मी कोणालाही ठामपणे सांगतो.

अण्णा गेल्यावरही रेवा संध्याकाळी कोन मांडून थांबायची. मी समोर बसून माझा ठेवायचो. ती तो उचलून बाजूला करायची. रोज. गेल्या आठवड्यात एकदम आठवलं, अण्णाचा कोन कधी वाजायचा नाही. मी श्वास रोखून, दोन बोटांनी धरून, अगदी हळू टेकवला.

रेवाने तो काढला नाही. त्यावर आपला ठेवला आणि माझ्यासाठी थांबली.