पाटलांच्या धोतरावरचा तपकिरी रंग

बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी शाई खाऊ घातली, हे खरं आहे. पण ती शाई उत्तम होती, हे कोणी सांगत नाही.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी गोंदियाच्या एका धानगिरणीत कारकून होतो आणि माझं सगळं काम रंगवार चाले. आवक निळ्या शाईनं, जावक लाल शाईनं. घरच्या टिपणांसाठी तपकिरी ठरवली आणि तिथंच फसलो. तपकिरी म्हणजे एक रंग नव्हे, सबंध मुलूख आहे! नागपूरच्या पुडीची शाई तळ्याच्या गाळासारखी उमटली. ओळखीच्या गार्डानं कलकत्त्याहून आणलेली वाळल्या तेंदूपानासारखी. नुसतं बघत राहावं. तिसरी मी स्वतः केली: कात, हिरडा आणि गंजके खिळे एकत्र उकळून. (माय म्हणाली, "हिरडा पोटाले चांगला, पण खिळे कायले?")

तिन्हींतली एक निवडायला सारख्या आकाराच्या वाट्या हव्या होत्या. तशा घरात एकाच ठिकाणी होत्या: पानदानात. लवंग-वेलचीच्या वाट्या लढाईपासून रिकाम्याच होत्या, त्यांत दोन विकतच्या शाया गेल्या. माझी शाई मी काताच्या वाटीत ओतली. तिच्यात कात होताच, तेव्हा तेच तिचं योग्य ठिकाण. झाकणं लावली आणि कागद आणायला आत गेलो.

त्या संध्याकाळी गोरेगावचे पाटील मुलाला घेऊन वच्छीला पाहायला यायचे होते. त्यांची बैलांची रेंगी भर दुपारीच दारात उभी राहिली. वच्छीची आधीची दोन स्थळं मोडली होती. दोन्ही वेळा मी पाहुण्यांना काही तरी समजावून सांगत होतो. म्हणून मायनं बजावलं, "आज तू तोंड उघडू नको."

मी भिंतीशी गप्प बसलो. मायनं घाईघाईत पानाला कात लावला, चुना लावला, सुपारी घातली आणि विडा पाटलांपुढे धरला. ते चावू लागले. मग सावकाश चावू लागले.

"कात लय तुरट आहे जी."

"खैराचा आहे जी, घरचा," माय अभिमानानं म्हणाली.

काय झालं ते मी ओळखलं. पण तोंड उघडायला मला बंदी होती!

पाटलांना ठसका लागला आणि पानाचा निम्मा ऐवज त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर आला. आधी काळा. मग दारातून आलेल्या उन्हात तो हळूहळू उजळला. कडेला तांबूस, आत खोल, आणि मधोमध मोहाच्या मधासारखी झळाळी. असा तपकिरी रंग मी जन्मात पाहिला नव्हता. हात जोडायचेच बाकी होते. वच्छीचं लग्न, मायचा हुकूम, सगळं विसरून मी कागद घेऊन पाटलांच्या गुडघ्याशी बसलो.

"पाटीलजी, हलू नका. पाय जरा उन्हात घ्या."

त्यांनी घेतला. (धक्का बसलेला माणूस सांगेल ते करतो.) मी डागावर कागद दाबला.

"हे का करून राहिले?" पाटलांनी मायला विचारलं.

"शाई पाहून राहिला जी," माय पुटपुटली.

"कोनती शाई?"

"तुम्ही खाल्ली ती," मी म्हणालो.

दाराआडून वच्छी खो खो हसली. पाहायला आलेल्यांसमोर मुलीनं मान वर करायची नसते, ही तर भिंतीला धरून हसत होती. मायनं कपाळावर हात मारला. पाटलांनी चूळ भरली, एकदा धोतराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"घरात असा एकच आहे का जी?"

"एकच जी. देवाशपथ."

"पोरगी तं शहानी आहे ना?"

"हसून राहिली ना जी त्याले."

मुलगा इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो तसाच म्हणाला, "मले पसंत आहे, बाबा."

"मंग ठरलं," पाटील उठले. "पन लग्नात पान मी माह्या घरून आनीन."

रेंगी दिसेनाशी झाल्यावर माय माझ्याकडे वळली. "आता तरी समजलं का तुले?"

"समजलं," मी कागद उन्हात धरून म्हणालो. "माझ्या शाईत चुनाच राहून गेला होता."