काळ्या टिकलीच्या सहा कॅसेटी

विनोदचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. "काकू, माय गेली," एवढंच बोलला. माझी मोठी जाऊ सुभद्राबाई आठ दिवसांपासून वाशीमला दवाखान्यात होती. विनोद तिचा मुलगा, तिथंच राहतो. मी सुपातली ज्वारी पुरती निवडली, मग उठले. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता मंदाचा आवाज कोणाला माहीत आहे?

मंदा माझी मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली, त्याला चाळीस वर्षं होत आली. तेव्हा आमच्या घरी लाऊडस्पीकरचा धंदा होता. अनसिंगात आणि आजूबाजूच्या खेड्यांत लग्न असो की बारसं, भोंगे आमचेच लागत. एका बारशात मंदा माइकसमोर उभी राहून पाळणा म्हणाली आणि जाऊबाईच्या नवऱ्यानं तो कोऱ्या कॅसेटवर भरून घेतला. पुढं धंदा बंद पडला, दोघींचे नवरे गेले, आम्ही दोघी एका घरात उरलो आणि कॅसेटींचं कपाट जाऊबाईच्या ताब्यात राहिलं. तिला वाचता येत नव्हतं. ती डब्ब्यांवर टिकल्या चिकटवायची. लाल लग्नाची, हिरवी बारशाची, पिवळी देवाची, काळी तेरवीची. काळी घरात लावायची नाही, असा तिचा नियम. मी चौथी शिकलेली, मला हे पटत नसे. एकच बाई लग्नाचंही गाते आणि देवाचंही, तिचे तुकडे कशाला करायचे? गाणाऱ्याच्या नावानं लावावं, असं माझं म्हणणं. ती म्हणायची, "लोकं गानारीले नाई बलावत शांते, कार्याले बलावतात."

खरं भांडण मंदाच्या कॅसेटवरून. मी म्हणायचे, ती देवाघरी गेली, तिला पिवळ्यात ठेवा. जाऊबाई ऐकत नसे. "पाळना हाये, बारशातच राहीन. पोरगी मेली म्हनून पाळना मरते काय?" आणि मुद्दाम तो लावायची. लावला की मी अंगणात जाऊन बसायचे. मी तो एकदाही शेवटपर्यंत ऐकलेला नाही. जाऊबाईला पाठ होता. भाकरी थापताना म्हणायची, अगदी मंदासारखा, मधे श्वास पुरला नाही की थांबून... मी म्हणायचे, "बंद करा ते." ती म्हणायची, "तुले नाई आयकाचं तं कान झाक."

पाच वर्षांपूर्वी ती मोतीबिंदूसाठी आठ दिवस विनोदकडे गेली. मी संधी साधली. कपाट रिकामं केलं, डब्ब्यांवरच्या सगळ्या टिकल्या खरवडून काढल्या आणि कागदाच्या पट्ट्यांवर नावं लिहून चिकटवली. कॅसेटींना बुरशी आली होती, म्हणून सगळ्या बाहेर काढून पुसल्या, खाटेवर ढीग घातला. छापील होत्या त्या वाचून ठेवल्या. कोऱ्या, म्हणजे आमच्या घरी भरलेल्या, सगळ्या सारख्याच दिसतात. हाताला आली ती डब्बीत घातली. त्यात मंदा आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

जाऊबाई काळा चष्मा लावून परत आली. कपाटासमोर बसली, बराच वेळ बोटं फिरवत राहिली. म्हणाली, "तू शाळा शिकली, ते माह्या कॅसेटवर कायले काढली वं?" दुसऱ्या दिवशी तिनं टिकल्यांची पाकिटं मागवली आणि डब्ब्यांचे तडे, डाग ओळखून पुन्हा सगळ्या चिकटवल्या. त्यानंतर तिनं पाळणा कधी लावला नाही. तिला सापडला नसेल, की मी विचारावं म्हणून थांबली असेल... मी विचारलं नाही. तोंडानं मात्र ती म्हणत राहिली, आणि मला वाटलं, चालतंय.

तेरवी झाली. विनोद कपाट उघडून म्हणाला, "काकू, हे भंगारात देऊ काय?" म्हटलं, "पयले मले जाऊ दे, मंग दे."

मंदाची डब्बी सापडली. झाकण मोडकं, दोऱ्यानं बांधलेली. वर हिरवी टिकली, तिच्या बाजूला लाल, तिच्या बाजूला पिवळी. काळी सोडून सगळ्या. आतली कॅसेट लावली तर बँडची गाणी.

तेव्हापासून रोज दुपारी एकेक कोरी कॅसेट लावते, दोन्ही बाजूंनी. मशीनचा पट्टा सैल झाला आहे, बाईचा आवाज बुवासारखा निघतो. वाशीमचा मिस्त्री म्हणाला, "आजी, हा पट्टा आता भेटत नाई." मंदा निघाली तरी मला ती ओळखू येईल का, सांगता येत नाही. आठवून पाहते तर जाऊबाईच ऐकू येते.

लाल खण झाला. हिरवा झाला. पिवळा झाला. आता काळ्या टिकलीच्या सहा राहिल्या आहेत. जाऊबाईनं आपल्या हातानं तिला काळी टिकली लावली नाही. तिथं निघाली तर मीच तिला तिथं घातली. नाही निघाली तर ती कुठंच नाही. मशीन पुसून ठेवलं आहे, मंदाची डब्बी उघडी करून शेजारी ठेवली आहे. दुपार होते, मी समोर जाऊन बसते, आणि भाकरीची वेळ झाली म्हणून उठते.