आमचा माणूस येईल

वंदनाचा आवाज गोड. त्या आवाजाच्याच जोरावर तिला खामगावात एका बियाणे कंपनीच्या तक्रार केंद्रात नोकरी लागली. काम सोपं होतं. सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकऱ्याचा फोन आला की म्हणायचं, "तक्रार नोंदवली आहे. आमचा माणूस पाहायला येईल. तोवर पीक मोडू नका." हा माणूस कोण, असं तिने साहेबांना एकदा विचारलं. साहेब हसले. "अहो मॅडम, माणूस असता तर तुम्हाला कशाला ठेवलं असतं?"

तेव्हा तीही हसली होती. पुढे मात्र 'आमचा माणूस येईल' हे वाक्य हात धुऊन तिच्या मागे लागलं. भाकरी थापताना तोंडातून निघायचं. दार वाजलं की वाटायचं, तोच आला असेल, आपण गावोगाव पाठवलेला, कुठेच नसलेला माणूस.

श्रावणात ती मामेबहिणीकडे बीबी गावी गेली. गावाबाहेर सगळं शिवार हिरवंगार, आणि मधेच एक वावर नुसतं गवताने माजलेलं. बांधावर एक म्हातारी बसली होती, कौशल्याबाई नावाची.

"मावशी, प्यायला पाणी मिळेल का?" वंदनाने विचारलं.

म्हातारीचा हात तांब्यावरच थांबला. "हा आवाज त् मी ओळखतो. फोनवरची पोरगी तूच ना वं? तवापासून वाट पाहून राह्यलो! पोरगा म्हणे मोड, शेजारी म्हणे मोड. मी म्हटलं, थे पोरगी खोटं नाही बोलनार. आली बाई एकदाची. ये, पाह्य."

तो माणूस अखेर आला होता, तिच्याच चपला घालून.

गवत कमरेला लागत होतं. म्हातारी पुढे होऊन, नव्या सुनेला घर दाखवावं तसं, कौतुकाने सगळं दाखवत होती.

"मावशी, कोणी येणार नाही," वंदना कशीबशी म्हणाली. "येणारच नव्हतं. नांगर घाला. हरभऱ्याले तरी वावर मोकळं होईन."

म्हातारी गवताकडे पाहत राहिली. "मंग हे फोनवर काऊन नाही सांगितलं वं?"

वंदनाला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी पहिलाच फोन मेहकरकडचा होता. "ताई, तुमचा माणूस कधी येईन?"

"माणूस नाहीच, दादा. मोडून टाका."

पलीकडून आवाज आला, "बरं झालं बाई, सांगितलं."

साहेब खुर्चीतून उठले. शेजारच्या टेबलावर बसणारी काजल, तिचाही आवाज गोडच, फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आमचा माणूस पाहायला येईल."