मामांची प्रशस्तिपत्रं

मामा आमच्याच शाळेत कारकून होते. प्रशस्तिपत्रांवर नावं तेच लिहीत आणि त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. एका वर्षी मात्र पेन धरलं, की त्यांची बोटं आखडायला लागली आणि मनगट आत वळायला लागलं. मामींना ते सोंग वाटे. “अहो, बटण शिवताना हात सरळ चालतो. मग पेननंच काय घोडं मारलंय?”

डॉक्टरांनी मामांना आधी बटण शिवायला दिलं, मग नाव लिहायला. बटण नीट लागलं. लिहिताना हात मुडपला.

“हा आजारच असा, फक्त लिहिताना छळतो,” डॉक्टर म्हणाले.

कोपराखाली इंजेक्शनं झाली. मामींनी पेनाला जाड कापड गुंडाळून दिलं. रोज दुपारी मामा मोठाली अक्षरं गिरवत आणि मामी शेजारी बसून कागद धरत. तरी त्या वर्षी निम्मीच नावं लिहून झाली. उरलेली मामींनी ओढून घेतली.

“हेडमास्तर ओळखतील गं!”

“ओळखू देत. सांगा, बायकोला लागण झाली.”

माझ्या प्रशस्तिपत्राच्या वाट्याला मामींच्या अक्षराचे कोंबडीचे पाय आले. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आज घरात तेवढंच एक प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे.