हर्णैची तांबोशी

आमच्या यांना दोनच नाद: कचेरीतून आल्यावर विडी आणि सुटीच्या दिवशी गळ. भोरला नीरेच्या डोहावर तासन्‌तास बसायचे. मला मात्र कधी न्यायचे नाहीत. "तू नगं. तुजं तोंड सुरू झालं की मासं पळत्यात," हे ठरलेलं उत्तर. माझं तोंड चालतं हे काही खोटं नाही. पण नवऱ्याशेजारी घटकाभर नदीकाठी बसावं, एवढीच तर माझी हौस. पोरं शाळेत जायला लागली तरी ती फिटली नव्हती.

माझा भाऊ हर्णैला मास्तर होता. एका उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो. वरंध घाटाच्या वळणांनी माझा जीव नकोसा झाला, पण समुद्र दिसला आणि यांना राहवेना. मासे धरायला होडी भाड्यानं ठरवली. भावानं मलाही आग्रहानं तिच्यात बसवलं, मेहुण्यासमोर हे नाही तरी कसं म्हणणार? यांनी नदीवर न्यायचे तसा कणकेचा गोळा बरोबर घेतला होता. होडीच्या तांडेलानं तो हसून बाजूला ठेवला आणि गळाला कोळंबी लावून दिली.

किनारा लांब गेला. मी पाण्यात हात घातला, तर पाणी चक्क कोमट! "अगं बाई," एवढंच म्हणाले, तर यांनी डोळे वटारले. खलाशी गाणं म्हणत होते, त्यांनाही हे ओठांवर बोट ठेवून दटावायला लागले.

तांडेल म्हणाला, "रावसाहेब, खाली बारा वाव खोल पाणी आहे. मासा काय कान लावून बसलाय? बोला हो वहिनी!"

मला तेवढंच हवं होतं. भावजयीच्या लोणच्यापासून घाटातल्या माकडांपर्यंत मी जी सुटले! तेवढ्यात यांच्या हातातली दोरी ताणली. चांगली हातभर तांबोशी वर आली, लालभडक, तडफडणारी. हे माशाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. तो चेहरा आठवला की अजून हसू येतं आणि डोळेही भरतात.

भोरला परतल्यावर पहिल्याच सुटीला यांनी गळ उचलला आणि उंबऱ्यात थांबले.

"येतीस का?"

डोहावर मी तोंडाला कुलूप लावून बसले. इतक्या वर्षांनी मिळालेलं हातानं कोण घालवणार? बऱ्याच वेळानं, पाण्यावरची नजर न काढता हे म्हणाले, "का गं, आज मुकी झालीस व्हय?"

मग दिवस मावळेपर्यंत मी बोलत होते. मासा एकही लागला नाही. येताना यांनी बाजारातून वांगी घेतली. शेजारीण पिशवीत डोकावली, तशी हे तिला म्हणाले, "आज नदीला मासाच नव्हता."