सहलीला नेलेली पोरं

"ही मुलं आमच्या शाळेतली नाहीत."

मुख्याध्यापक सर हे बोलले तेव्हा माझी पोरगी रेश्मा माझी करंगळी धरून उभी होती. अंगात याच शाळेचा गणवेश. खिशात याच शाळेचं ओळखपत्र, त्यावर याच सरांची सही. तिनं सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला वाटलं, सर गंमत करतायत. हसली.

मी नाही हसलो. आणि मी न हसणं ही आमच्या रिक्षा स्टॉपवर बातमी असते.

थांबा. पडदा जरा लवकर उघडला. सकाळपासून सांगतो.

मी रिक्षावाला. घर शुक्रवार पेठेत. तोंड चोवीस तास चालू. उतरायचं ठिकाण आलं तरी गोष्ट संपेपर्यंत पॅसेंजर उतरत नाहीत, असा माझा लौकिक. कारखान्याच्या चेअरमनचं भाषण, एसटी कंडक्टरचं खेकसणं, लग्नातल्या रुसलेल्या मामाचं नाक, सगळ्यांच्या नकला करतो. ही कला शाळेतली. आणि माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हेच सर.

तेव्हा तो नंद्या होता. त्याच्या वडलांचं कापडाचं दुकान, माझे वडील यंत्रमागावर कामाला. आम्ही एका बाकावर. मधल्या सुट्टीत मी गुरुजींची नक्कल करायची आणि त्यानं डब्यातली चपाती द्यायची. तूप लावलेली. रोजचा सौदा. पुढं तो शिकला, मुख्याध्यापक झाला. मी रिक्षा घेतली. चारचौघांत मी त्याला सर म्हणायचो, एकटे असलो की नंद्या. शाळेत पोरं ने-आण करायचं काम त्यानंच मला दिलं. रेश्माला मी त्याच्याच शाळेत घातली, तिसरीत आहे. त्या तुपाच्या चपातीवर मी आयुष्यभर विश्वास ठेवला.

आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"उद्या वरून पथक येणारंय. पोरांची वजनं, उंची, खिचडीची चव, सगळं मोबाईलमध्ये भरणार. लई गर्दी होईल बघ. थोडी पोरं तू फिरवून आण की. किल्ला बागेत ने. तुझ्यासारखं त्यांना कोण रमवणार?"

शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. नटाला टाळी पुरते. ती कोण वाजवतोय आणि कशासाठी, हे नट बघत नाही.

सकाळी शाळेच्या फाटकावर नवा फ्लेक्स. 'कुपोषणमुक्त शाळा'. मधोमध सरांचा फोटो, हात जोडलेले. वजनं व्हायची होती. निकाल छापून आला होता. मी म्हटलं, "सर, बाळ जन्मायच्या आधीच बारशाचे पेढे?" सर हसले. पोट धरून हसले. मी खूश.

मग स्वतः वर्गावर्गांतून पोरं घेऊन आले. दहा-बारा. त्यात रेश्मा. "जा, मजा करा," म्हणाले. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून रिक्षात चढवलं.

आणि मी काय थाटात निघालो! चेअरमन झालो, मामा झालो, पोरं किंचाळत होती. पुलावरून न्या, पुलावरून न्या, असा गलका झाला म्हणून वळसा घेतला.

त्या पुलाचा चढ माझ्या रिक्षाला ठाऊक आहे. तीन मोठी माणसं बसली की तिथं ती दुसऱ्या गिअरला रडते. त्या दिवशी मागं एवढी पोरं, माझ्या दोन्ही बाजूंना दोन, आणि रिक्षा तिसऱ्या गिअरला सरळ चढली. कुरकुर नाही. जणू मागं रिकामी पोती.

माझी चेअरमनची नक्कल अर्ध्यात थांबली. आरशात बघितलं. मागं पोरं दाटीवाटीनं बसलीच नव्हती. ऐसपैस बसली होती. अजून दोन मावली असती.

पूल उतरल्यावर रिक्षा कडेला घेतली.

"काय रे," मी विचारलं, "सहलीला तुमालाच का पाठवलं? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

इरफान म्हणून एक चुणचुणीत पोरगा आहे. तो म्हणाला, "मामू, सरांनी सगळ्यांचे दंड धरून बघितले की. असे." त्यानं अंगठा आणि बोट जुळवून कडं केलं. "ज्याचा दंड मावला, तो सहलीला."

"आणि न्हाय मावला तर?"

"तो वजनाला."

रेश्मा मागून म्हणाली, "पप्पा, सर म्हणाले, तू लकी हाय."

लकी.

मी तिचा हात हातात घेतला. दंडाला बोटांचं कडं घातलं. माझीच बोटं. रोज हिला उचलून रिक्षात ठेवणारी. किती हलकी माझी पोर, फूल आहे फूल, असं कौतुक करणारा मीच. कडं सैल पडलं.

बाजारात गवारीच्या शेंगा निवडतात तशी पोरं निवडली होती. वाईट शेंगा बाजूला. आणि त्या बाजूला ठेवायला टोपली कोणती? मी. मला त्यानं गोष्टी सांगायला बोलावलं नव्हतं. लपवायला बोलावलं होतं. माझ्या पोरीला, माझ्याच रिक्षात, माझ्याच विनोदावर हसून.

रिक्षा फिरवली.

शाळेच्या व्हरांड्यात पथकाचा काटा मांडला होता. एक बाई मोबाईलमध्ये आकडे भरत होत्या. मी पोरांना घेऊन आत शिरलो. बाईंनी विचारलं, "ही मुलं?"

आणि सर म्हणाले, "ही मुलं आमच्या शाळेतली नाहीत. वस्तीतली आहेत. जुने गणवेश आम्हीच वाटतो. जेवणाच्या वेळी येतात."

आता कळलं, पडदा कुठं उघडला होता? जेवणाच्या वेळी येतात. नंद्या म्हणाला. माझ्या पोरीबद्दल.

माझ्याकडं शंभर आवाज आहेत. त्या क्षणी एकही निघाला नाही. बरं झालं. मी बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि रिक्षावाल्याचं भांडण कुणी मोबाईलमध्ये भरत नाही.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

माझी सगळी पोरं एकदम सुटली. कुणाला विचारलं नाही. स्वयंपाकखोलीबाहेरच्या मांडणीकडं धावली. तिथं ज्याचं त्याचं ताट असतं. इरफाननं वाकून खालच्या खणातलं काढलं. रेश्मानं टाचा उंचावून वरचं काढलं. त्याच्या मागं तिच्या आईनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. ताटं घेऊन आपापल्या वर्गाच्या रांगेत, आपापल्या जागी पोरं मांडी घालून बसली. शेजारच्यांनी सरकून जागा दिली.

खिचडी वाढणाऱ्या महादेवीअक्का ओरडल्या, "अगं रेश्मे, कुटं उंडारत होतीस सकाळपासनं? ताट नीट धर की!"

बाईंनी सरांकडं बघितलं. मग त्या ताटांकडं.

सरांनी मला दंडाला धरून खांबाआड नेलं. माझा दंड त्यांच्या बोटांत मावला नाही.

"घरात पोरीला खायला घालायची ऐपत नाही, आणि माझी इज्जत काढायला आलास? कमी वजनाची पोरं दिसली की नोटीस मला येते. मला. आपल्या दोस्तीत हे शोभतं का तुला?"

"नंद्या," मी म्हटलं, "मोजताना माझी पोरगी दिसू नये म्हणून तू माझ्या विनोदावर हसलास. आता मोजायची. माझ्यासमोर."

"सर म्हण."

"आता न्हाय म्हणत."

जेवणं झाल्यावर बाईंनी पोरांना एकेक करून काट्यावर उभं केलं. रेश्मा चढली तशी सरळ उभी राहिली, फोटो काढतात तशी. बाईंनी आकडा बघितला, पुन्हा बघितला. हळू आवाजात म्हणाल्या, "बरंच कमी आहे. डॉक्टरांकडं पाठवावं लागेल." आणि भरला.

"पप्पा, मी नापास?" रेश्मानं विचारलं.

मी तिला काट्यावरून उचलून कडेवर घेतलं.

शाळेची ने-आण माझ्याकडून गेली. सरांनी दुसरा रिक्षावाला बघितला. स्टॉपवर म्हणतात, दोस्ताची लाज घालवली. घरी बायको विड्या वळता वळता म्हणाली, "पोरीचं वजन कमी हाय, हे सगळ्या पेठेला कळलं की वो." लाज तिलाही वाटत होती. मलाही वाटली. पहिले काही दिवस मी खाली मान घालून रिक्षा चालवली.

आता नाही. आता पॅसेंजर बसला की मीच सांगतो, नकला न करता. माझ्या पोरीचं वजन कमी आहे. शाळेची खिचडी खाऊन कमी आहे, माझी भाकरी खाऊन कमी आहे, दोन्ही खरं आहे. ते झाकायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही. दोस्तालाही नाही.

पुढचं पथक येईल त्या दिवशी रिक्षा बंद. मी शाळेच्या फाटकात उभा राहणार. सहलीला म्हणून, बागेला म्हणून, देवळाला म्हणून, एकही पोर बाहेर जाऊ देणार नाही. ज्याचा दंड बोटांत मावतो ते पोर आधी काट्यावर चढेल. पहिली माझी.