स्वतःच्याच सत्काराची सूचना

मागच्या महिन्यात पेपरात एक बातमी वाचली. टेलिफोनच्या तारेवरून संगणकावर सूचनाफलक चालवणाऱ्या परदेशातल्या पहिल्या मंडळींचा गौरव झाला होता. ज्याला जे सांगायचं ते त्याने तिथे लिहावं, इतरांनी वाचावं, उत्तर द्यावं, अशी ती सोय. मी पेपरची घडी घालून ठेवून दिली. आमच्या गावातही असा एक माणूस होता, त्याचाही सत्कार झाला होता, आणि तो दिवस आठवला की मला अजून लाज वाटते.

तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव हवालदार म्हणायचं. सैन्यात संदेश पाठवण्याच्या कामावर होते. एकोणीसशे सत्तरच्या पुढेमागे पेन्शनीवर घरी आले आणि इस्लामपूर रस्त्यावरच्या एसटी थांब्याच्या भिंतीला काळा रंग देऊन त्यांनी फळा केला. वरच्या भागात ते स्वतः लिहीत: रेडिओवर ऐकलेला सांगलीचा गुळाचा भाव, रद्द झालेली गाडी, रजेवर येणारा जवान. खालचा भाग गावाचा. कुणाची शेळी हरवली, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात सोबत हवी, कुणीही खडू घ्यावा आणि लिहावं. लिहिता न येणाऱ्यांचं अण्णा लिहून देत, ते बोलतील तसंच. नियम दोनच होते. दुसऱ्याचा शब्द बदलायचा नाही, आणि दुसऱ्याची ओळ सकाळपर्यंत पुसायची नाही.

एकदा एका बाळंतिणीला रक्त हवं असल्याची ओळ वाचून एसटीतून उतरलेले दोन गडी तसेच मिरजेच्या गाडीत चढले. बाई वाचली. मग ग्रामपंचायतीने अण्णांचा सत्कार ठरवला.

मी तेव्हा सांगलीला अध्यापक विद्यालयात शिकत होते. हार, नारळ, शाल, पेढे आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि सत्काराच्या दिवशी दोन मैत्रिणींना घेऊन गावात उतरले. उतरल्या उतरल्या समोर फळा. वरच्या भागात अण्णांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "गावाचे भूषण, थोर समाजसेवक हवालदारसाहेब यांचा आज भव्य सत्कार. सर्वांनी अगत्याने यावे." त्याच्या खाली समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं तिरपं अक्षर: "आपली पाठ आपुनच थोपटायची तर हात लय लांब लागतो."

मैत्रिणी हसू दाबत होत्या. त्या काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "आमच्या अण्णांना आता मोठेपणाची हौस लागलीय." मग त्या मोकळेपणाने हसल्या. मीही हसले.

दुपारी पंचायतीचा शिपाई आला आणि त्याने गिरणीवाल्याच्या ओळीवरून ओलं फडकं फिरवलं. मला हायसं वाटलं. पण सभेच्या जरा आधी अण्णा फेटा बांधून आले, फळ्याकडे बघितलं, खडू उचलला आणि ती ओळ होती तिथे, होती तशी लिहून काढली. खुर्च्यांवर लोक येऊन बसले होते. मी धावत गेले.

"अण्णा, राहू द्या की. पाहुणे आलेत."

"त्याची वळ हाय. सकाळपत्तोर ऱ्हाणार."

"लोक हसतायत तुम्हाला."

"वाचत्यात म्हणून हसत्यात की."

मी मागे जाऊन मैत्रिणींच्या पलीकडे बसले.

पाहुणे म्हणून आलेल्या पंचायत समितीच्या सभापतींनी भाषणाला उभं राहून फळा मोठ्याने वाचला. दोन्ही ओळी. मग म्हणाले, "अक्षर तर एकाच हाताचं दिसतंय. हवालदार, स्तुती बी तुमीच केली आणि टोमणा बी तुमीच मारला व्हय?"

सभा हसली. अण्णा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. खालच्या ओळीला सही नव्हती, म्हणून ते नाव सांगणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

गिरणीवाला पिठाने भरलेला तसाच उठला. "आवं सायेब, खालची वळ माझी हाय. पुसली व्हती, ह्यांनी फकस्त परत उतरवली. मला एवढंच इचारायचंय, वरची कुणाची?"

 सरपंचांनी घसा खाकरला. "मजकूर माझा हाय. मीच चिठ्ठी दिलती. ते म्हनत व्हते, मला लिवायला लावू नका. मी म्हनलं, दुसऱ्याचा शब्द बदलायचा न्हाई ह्यो तुमचाच नेम हाय न्हवं?"

"मग लांब हात तुमचा म्हनायचा, सरपंच," गिरणीवाला म्हणाला. सरपंचही हसले. तो पुढे आला, अण्णांच्या पाया पडला. "चुकलं, हवालदार. पुसू का आता?"

"सकाळी," अण्णा म्हणाले.

शाल सभापतींनी घातली. टाळ्या झाल्या, मैत्रिणींनी जोरात वाजवल्या. ज्याने चारचौघांत टोमणा मारला त्याने चारचौघांत उभं राहून विचारलं तरी. मी त्यांची मुलगी. सकाळपासून तिथेच होते, आणि वरची ओळ कुणाची एवढंही मी त्यांना विचारलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर अण्णा शाल खांद्यावर घेऊन माझ्याकडे आले. "तुझ्या मैतरणींनी पेढा घेतला का गं?" त्यांनी विचारलं. घेतला, म्हणून सांगितलं आणि मी खुर्च्या आवरायला वळले.